सिंथच्या आवाजात पंच आणताना : चढापेक्षा उताराचे काम

नाशिकच्या काळाराम मंदिरात एखाद्या भाविकाने घंटा वाजवली की तो प्रदक्षिणेला निघाला तरी तिचा नाद मागे रेंगाळत असतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत मेन रोडवर ताशावर काडी पडते, तेव्हा मात्र आवाज कानावर आदळतो न आदळतो तोच संपलेला असतो. दोन्ही आवाज आघातातून जन्मतात, दोन्ही क्षणार्धात शिखरावर पोहोचतात, आणि तरीही ताशाला आपण कडक म्हणतो, घंटेला म्हणत नाही. फरक आहे तो उताराचा. सिंथेसायझरवर पंच, म्हणजे ठोसा, असलेला आवाज घडवताना बहुतेक जण अटॅक, म्हणजे शिखरावर पोहोचण्याचा वेळ, शून्यावर नेतात आणि काम झाले असे समजतात. प्रत्यक्षात खरे काम तेथून पुढे सुरू होते, कारण आवाज शिखरावरून किती वेगाने, किती खोल आणि कोणत्या वळणाने खाली येतो यावर त्याचा ठोसा ठरतो.

मला हे उशिरा समजले. एका मंडळाच्या गाण्यासाठी ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणावर सिंथचा बेस आणि ब्राससारखे तोकडे स्वर बसवण्याचे काम माझ्याकडे आले होते. हेडफोनवर भरदार वाटणारा बेस ढोलाखाली पार बुडत होता, म्हणून मी त्याची पातळी वाढवत गेलो. अखेर लिमिटरने (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणाऱ्या साधनाने) ढोलाचाच जोर काढून घेतला आणि बेस होता तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी पातळी पूर्ववत करून फक्त फिल्टरचा (आवाजातले वरचे स्वरांश गाळणाऱ्या भागाचा) डिके, म्हणजे उताराचा वेळ, ६०० मिलिसेकंदांवरून १४० वर आणला, तेव्हा तोच बेस ढोलाच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत स्वच्छ ऐकू येऊ लागला. पुढे दिलेले आकडे अशाच कामातून हाताला बसलेले आहेत. डिके म्हणजे नेमका किती उतार झाल्याचा वेळ, हे प्रत्येक सिंथ आपापल्या पद्धतीने मोजतो. त्यामुळे आकड्यापासून सुरुवात करावी आणि शेवट कानाने करावा.

आवाजाच्या या चढ-उताराच्या आराखड्याला एन्व्हलप म्हणतात. त्याच्या चार टप्प्यांची उजळणी थोडक्यात करू. कळ दाबल्यापासून शिखरापर्यंतचा वेळ म्हणजे अटॅक, शिखरावरून स्थिर पातळीपर्यंत उतरण्याचा वेळ म्हणजे डिके, कळ दाबून धरलेली असेपर्यंत टिकणारी ती पातळी म्हणजे सस्टेन, आणि कळ सोडल्यावर शांततेपर्यंत जाण्याचा वेळ म्हणजे रिलीज. यांपैकी तीन वेळ आहेत आणि सस्टेन ही पातळी आहे. नवशिक्यांचा अर्धा गोंधळ या एका गोष्टीत असतो. ही चार टप्प्यांची रचना १९६५ च्या सुमारास संगीतकार व्लादिमिर उसाचेव्स्की यांनी सिंथेसायझर बनवणारे रॉबर्ट मूग यांच्याकडे केलेल्या मागणीतून आली, आणि पुढे आर्प कंपनीच्या वाद्यांमुळे तिला एडीएसआर हे आजचे सुटसुटीत नाव मिळाले. १९७० च्या मिनीमूगवर तर रिलीजसाठी वेगळे बटणही नव्हते. एका खटक्याने डिकेचाच वेळ रिलीजला लागू होत असे, आणि तरीही त्या वाद्याचा बेस आजवर पंचाचा नमुना म्हणून सांगितला जातो.

सरावासाठी व्हायटल किंवा सर्ज एक्सटी यांपैकी संगणकावर चालणारा कोणताही सिंथ घ्यावा. व्हायटलची विनामूल्य आवृत्ती मिळते आणि सर्जचा तर स्रोतच २०१८ पासून खुला आहे. आधी कोरा प्रीसेट (आवाजाची जतन केलेली मांडणी) उघडावा, एकच ऑसिलेटर (मूळ तरंग निर्माण करणारा भाग) ठेवून त्यावर करवती तरंग निवडावा, वाद्य एकस्वरी करावे, आणि युनिसन, कोरस, डिले, रिव्हर्ब हे सगळे बंद करावे. युनिसन बंद करण्याचे कारण महत्त्वाचे आहे. थोड्या-थोड्या अंतराने बेसूर केलेले सात ऑसिलेटर एकाच क्षणी सुरू झाले तरी त्यांच्या तरंगांचे चढउतार एकमेकांशी जुळलेले नसतात, त्यामुळे सुरुवातीचा आघात दर वेळी वेगळा आणि बहुधा बोथट निघतो. रुंद आवाज आणि ठोसेबाज आवाज हे दोन्ही एकाच ऑसिलेटरकडून मागू नयेत. रुंदी हवीच असेल तर ती दुसऱ्या थरात, मधल्या-वरच्या पट्टीत द्यावी.

त्याच वेळी तरंगाची सुरुवातही बांधून घ्यावी. व्हायटलमध्ये ऑसिलेटरच्या फेजशेजारी, म्हणजे तरंगाच्या आरंभबिंदूच्या बटणाशेजारी, यादृच्छिकतेचे बटण असते, ते शून्यावर आणावे. सर्जमध्ये ऑसिलेटरचा रीट्रिगर चालू करावा. असे केले नाही तर प्रत्येक स्वर तरंगाच्या वेगळ्या बिंदूपासून सुरू होतो. वरच्या स्वरांत हा फरक जाणवत नाही, पण ५० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते, आणि आघाताची सगळी हकीकत तेवढ्या वेळातच घडून जाते. एक ठोका कडक आणि दुसरा फुसका अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्या प्रीसेटमध्ये मी सर्वांत आधी हेच तपासतो.

आता ध्वनिपातळीचा, म्हणजे ॲम्प्लिट्यूडचा एन्व्हलप लावू. अटॅक अगदी शून्यावर ठेवल्यास तरंग मध्येच उंचावरून सुरू होऊ शकतो आणि ‘टक्’ असा खटका उमटतो. हा खटका नेहमीच दोष नसतो. कित्येकदा तोच आवाजाला धार देतो. परंतु तो हवा म्हणून ठेवलेला असावा, राहून गेलेला नसावा. बेससाठी १ ते ३ मिलिसेकंदांचा अटॅक पुरतो. १० मिलिसेकंदांच्या पुढे गेले की धार बोथट होत असल्याचे ऐकू येऊ लागते, आणि ३० च्या पुढे तो आवाज ठोसा उरत नाही. डिके २०० मिलिसेकंद, सस्टेन शून्य आणि रिलीज ६० मिलिसेकंद ठेवून एकच खालचा स्वर वारंवार वाजवावा. नंतर फक्त डिके ४००, २००, १०० आणि ५० असा उतरवत न्यावा. १०० च्या आसपास आवाज आवळला जातो, आणि ५० वर तो कडक होण्याऐवजी किरकोळ वाटू लागतो.

हे किरकोळ वाटणे कानाच्या घडणीतून येते. आपला कान आवाजाचा मोठेपणा एका क्षणावरून ठरवत नाही; सुमारे १०० ते २०० मिलिसेकंदांतली ऊर्जा तो एकत्र धरतो. त्यामुळे मीटरवर शिखर कितीही उंच दिसले तरी ते फारच अरुंद असेल तर ऐकताना लहान वाटते. यावरचा उपाय म्हणजे होल्ड. व्हायटलच्या एन्व्हलपमध्ये अटॅक आणि डिके यांच्यामध्ये हा टप्पा दिलेला आहे. १५ ते ३० मिलिसेकंद होल्ड दिला की आवाज शिखरावर क्षणभर थबकतो, मग कोसळतो, आणि सुरी टोचल्यासारखा असलेला आघात बुक्की बसल्यासारखा होतो. होल्डची सोय नसलेल्या सिंथवर डिकेच्या वक्ररेषेला बाहेरचा फुगवटा द्यावा. सुरुवातीला संथ आणि नंतर वेगाने उतरणारी रेषा जवळजवळ तेच काम करते.

वक्ररेषेबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण बहुतेक शिकवण्यांत ती राहून जाते. सरळ रेषेत उतरणारा ॲम्प्लिट्यूड पडद्यावर नीटस दिसतो, पण कान डेसिबलच्या हिशेबाने ऐकत असल्यामुळे तो बराच वेळ जागेवरच थांबल्यासारखा आणि शेवटी अचानक कापल्यासारखा वाटतो. आधी वेगाने आणि नंतर हळूहळू उतरणारी घातांकी रेषा कानाला एकसारखी उतरणारी वाटते, कारण डेसिबलमध्ये मोजल्यास तीच सरळ असते. ढोल, संबळ, छेडलेली तार, सगळे साधारण असेच विझतात. म्हणून ॲम्प्लिट्यूडसाठी थोडा होल्ड आणि त्यानंतर घातांकी डिके ही जोडी मी सहसा बदलत नाही.

डिके किती ठेवायचा याचा दुसरा आधार म्हणजे गाण्याची लय. १५,००० ला बीपीएमने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या संख्येने, भागले की सोळाव्या भागाच्या स्वराचा, म्हणजे पाव ठोक्याचा, अवधी मिलिसेकंदांत मिळतो. १०० बीपीएमला तो १५० आणि १२० ला १२५ भरतो. ओळीने सोळाव्या भागाचे स्वर वाजणार असतील तर प्रत्येक स्वर त्या अवधीच्या दोन-तृतीयांशात बराचसा विझलेला असावा, म्हणजे पुढच्या आघाताआधी थोडी शांतता मिळते. मेन रोडवर ताशाची तर्री चालते, तेव्हा दोन्ही बाजूंच्या भिंतींतून आवाज परत येत असतानाही प्रत्येक काडी सुटी ऐकू येते, ती याच शांततेमुळे.

फिल्टरच्या एन्व्हलपवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण मधल्या पट्टीतला पंच जवळजवळ पूर्णपणे इथेच घडतो. २४ डेसिबल प्रति सप्तक उताराचा लो-पास फिल्टर निवडून कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरचे स्वरांश गाळले जातात ती मर्यादा, १५० हर्ट्झच्या आसपास आणावा. आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होईल. आता दुसरा एन्व्हलप कटऑफला जोडावा. सर्जमध्ये फिल्टरचा एन्व्हलप आधीच जोडलेला असतो आणि फक्त त्याचे प्रमाण वाढवावे लागते. व्हायटलमध्ये एन्व्हलपची खूण माउसने ओढून कटऑफवर सोडावी लागते. प्रमाण चार सप्तके म्हणजे ४८ सेमीटोन ठेवल्यास कटऑफ आघाताच्या क्षणी १५० च्या सोळा पट, म्हणजे २,४०० हर्ट्झपर्यंत उघडतो आणि मग मिटतो. अटॅक शून्य, सस्टेन शून्य आणि डिके १२० मिलिसेकंद ठेवून ऐकावे.

इथे सुरुवातीचा मुद्दा स्पष्ट होतो. ॲम्प्लिट्यूडचा डिके २०० आणि फिल्टरचा १२० असेल, तर आवाजाची चमक आधी विझते आणि अंग नंतर. चामड्यावर आघात झाल्यावरही वरचे स्वरांश आधी नाहीसे होतात आणि खालचे घुमत राहतात, म्हणून कानाला हा क्रम ओळखीचा आणि खरा वाटतो. क्रम उलटा करून पाहावा : फिल्टरचा डिके ४०० आणि ॲम्प्लिट्यूडचा १५० ठेवल्यास फिल्टर अर्धा उघडा असतानाच आवाज संपतो, आणि पदरी पडते ते नुसते कापलेले करवती तरंगाचे तुकडे. पुष्कळ प्रीसेट निस्तेज वाटतात ते दोन्ही डिके एकाच आकड्यावर राहून गेल्यामुळे.

प्रमाण आणि डिके यांची अदलाबदल होऊ शकते, हेही लक्षात ठेवावे. प्रमाण वाढवले की कटऑफला तेवढ्याच वेळात अधिक अंतर कापावे लागते, म्हणजे उतार आपोआप तीव्र होतो. त्यामुळे डिकेला हात न लावताही आवाज कडक करता येतो. मात्र मूळ कटऑफ फार वर असेल तर एन्व्हलपला उतरायला जागाच उरत नाही. पंच येत नाही म्हणून प्रमाण पूर्ण चढवून बसलेल्या माणसाने आधी मूळ कटऑफ खाली घ्यावा. रेझोनन्स, म्हणजे कटऑफजवळच्या स्वरांशांना मिळणारा उठाव, १५ ते २५ टक्क्यांपुरता ठेवावा. तो वाढवला की कित्येक फिल्टरमध्ये तळाचा आवाज पातळ होतो, आणि मग बेसचे वजन गेले कुठे हे शोधत बसावे लागते. १९८१ च्या रोलंड टीबी-३०३ या बेस सिंथवर वाढता रेझोनन्स आणि छोटा डिके यांचेच नाणे चालले हे खरे, पण तो आवाज चिवचिवाटासाठी ओळखला जातो, वजनासाठी नव्हे.

पिचचा, म्हणजे स्वराच्या उंचीचा, एन्व्हलप हा तिसरा आणि सर्वांत वेगवान उतार होय. ढोलाच्या पानावर टिपरू जोरात पडले की पान आत दाबले जाते, त्याचा ताण क्षणभर वाढतो आणि स्वर किंचित वर जाऊन मूळ जागी परततो. इलेक्ट्रॉनिक किक, म्हणजे ड्रम मशीनमधला मोठ्या ढोलाचा ठोका, याच कल्पनेवर उभा आहे. १९८० च्या रोलंड टीआर-८०८ या ड्रम मशीनमध्ये आघाताच्या क्षणी हे सरकणे अगदी थोडे असते. १९८३ च्या टीआर-९०९ मध्ये ते मोठे आणि स्पष्ट असून त्यावर वेगळा खटकाही चढवलेला असतो. स्वतः घडवायचा असेल तर साइन तरंग ५० हर्ट्झवर ठेवून पिचला ३६ सेमीटोनांचे प्रमाण आणि ४० मिलिसेकंदांचा डिके द्यावा. स्वर ४०० हर्ट्झवरून ५० वर कोसळतो आणि फिल्टरशिवायच किक तयार होतो. डिके ८० च्या पुढे नेला की कोसळणे वेगळे ऐकू येऊ लागते आणि ‘प्यूं’ असा लेझर बंदुकीचा आवाज निघतो. सुरुवातीला हा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला होता.

बेस आणि ब्राससारख्या सुरेल आवाजांत हेच तंत्र फार जपून वापरावे. ७ ते १२ सेमीटोन आणि १५ ते २५ मिलिसेकंद एवढ्यावर थांबावे, म्हणजे कानाला स्वर सरकल्याचे कळत नाही, फक्त सुरुवात टणक झाल्याचे कळते. आता तिन्ही उतार एका ओळीत मांडता येतात : पिच २० मिलिसेकंद, फिल्टर १२०, ॲम्प्लिट्यूड २००. प्रत्येक उतार आधीच्यापेक्षा लांब आहे. आकडे बदलले तरी चालतील, हा चढता क्रम सहसा मोडू नये.

आघाताच्या टोकावर ताशाच्या काडीसारखी किनार हवी असल्यास नॉइजचा, म्हणजे खरखरीचा, एक थर द्यावा. हाय-पास फिल्टरने त्याचा २,००० हर्ट्झखालचा भाग काढून टाकावा आणि त्याला स्वतःचा एन्व्हलप द्यावा : अटॅक शून्य, डिके ८ ते १५ मिलिसेकंद, सस्टेन शून्य. पातळी इतकी कमी असावी की थर एकटा असताना जेमतेम ऐकू यावा, पण बंद केल्यावर त्याची उणीव भासावी.

काचेसारखा किंवा धातूसारखा ठोसा हवा असेल, तर फिल्टरऐवजी एफएमकडे, म्हणजे एका ऑसिलेटरने दुसऱ्याची कंपनसंख्या हलवण्याच्या पद्धतीकडे, वळावे. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये विकसित केलेली आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ने घरोघरी पोहोचवलेली ही पद्धत वेगळी दिसली तरी तिचा तर्क तोच आहे. मॉड्युलेटर, म्हणजे हलवणाऱ्या, ऑसिलेटरची पातळी जितकी जास्त, तितके वरचे स्वरांश जास्त. म्हणून मॉड्युलेटरच्या पातळीला ६० ते १०० मिलिसेकंदांचा डिके आणि मुख्य ऑसिलेटरला त्याहून लांब डिके द्यावा. दोन्हींच्या कंपनसंख्यांच्या १:१ या गुणोत्तराने बेस भरीव होतो, आणि ३:१ किंवा त्यावर गेल्यास आघात लोखंडी वाटू लागतो.

यानंतर व्हेलॉसिटीचा, म्हणजे कळ दाबण्याच्या जोराचा, विचार करावा, कारण सगळे ठोके एकाच जोराचे असतील तर चांगला आवाजही दोन आवर्तनांत कंटाळवाणा होतो. बहुतेक सिंथ व्हेलॉसिटी थेट पातळीला जोडून देतात. मी ते जोडणे निम्म्यावर आणतो आणि उरलेले काम फिल्टरच्या प्रमाणाला देतो, म्हणजे हळू दाबलेली कळ मंद आणि गोल वाजते, तर जोरात दाबलेली उघडी आणि कडक. ढोलवादक टिपरू जोरात मारतो, तेव्हा आवाज मोठा होतो आणि त्याचा रंगही बदलतो. व्हेलॉसिटीने तो रंग पकडायला हवा. जमल्यास तिने फिल्टरचा डिकेही थोडा लांबवावा, फार तर ३० मिलिसेकंद. कळफलकावरची जागा डिकेला उलट्या दिशेने जोडणे हा दुसरा उपयुक्त धागा आहे; वरचे स्वर लवकर विझले की तोकड्या ब्रास-स्वरांच्या ओळी एकमेकींवर चढत नाहीत.

एलएफओ, म्हणजे संथ गतीचा ऑसिलेटर, सहसा हेलकाव्यांसाठी वापरला जातो, पण त्याला एकदाच चालून थांबण्याच्या स्थितीत ठेवले की तो हाताने रेखाटता येणारा एन्व्हलप होतो. टाळीसारखा आवाज घडवताना याचा फार उपयोग होतो : १० मिलिसेकंदांच्या अंतराने तीन छोटी शिखरे आणि त्यानंतर एक लांब उतार काढून तो नॉइजच्या पातळीला जोडावा. चार टप्प्यांच्या साध्या एन्व्हलपमध्ये हा आकार बसतच नाही.

एकस्वरी वाद्यात स्वर एकमेकांना चिकटून वाजवले की पंच नाहीसा होतो, अशी अडचण हमखास येते. कारण लेगाटोच्या स्थितीत पुढची कळ दाबल्यावर एन्व्हलप नव्याने सुरू होत नाही. तो आहे तिथूनच पुढे चालतो, आणि सस्टेन शून्य असल्यास दुसरा स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. लेगाटो बंद करावा, किंवा पियानो रोलमध्ये प्रत्येक स्वराची लांबी थोडी कमी करावी. दुसरा उपाय कंटाळवाणा असला तरी मला अधिक भरवशाचा वाटतो.

आवाज तयार झाल्यावर परिणाम जोडताना त्याच उताराची राखण करावी लागते. काँप्रेसरचा (मोठा आवाज दाबणाऱ्या साधनाचा) अटॅक १ मिलिसेकंद ठेवला तर कष्टाने घडवलेले शिखर तो पहिल्याच झटक्यात दाबतो. २० ते ३० मिलिसेकंद ठेवल्यास शिखर सुटून जाते आणि मागचा भाग दबल्याने आघात उलट उठून दिसतो. सौम्य सॅच्युरेशन, म्हणजे किंचित विकृती, फिल्टरनंतर दिले तर चालते, पण त्याने शिखर आणि शेपूट यांतला फरक कमी होतो, त्यामुळे डिके पुन्हा १० ते २० टक्के आवळावा लागतो. रिव्हर्ब बेसला देऊच नये, आणि ब्रासला दिला तर २० मिलिसेकंदांचा प्री-डिले ठेवून द्यावा, म्हणजे आघात कोरडा पोहोचतो आणि ओलावा मागून येतो.

पारख करताना आवाज वाढवू नये. मोठ्या आवाजात काहीही कडक वाटते. मी खोलीतला पंखा पूर्ण वेगात चालू करतो, स्पीकर इतका कमी करतो की गाणे पंख्याच्या आवाजात जेमतेम कळावे, आणि ढोलाच्या ध्वनिमुद्रणाबरोबर बेस वाजवतो. त्या स्थितीतही बेसच्या प्रत्येक स्वराची सुरुवात मोजता आली तर उतार बरोबर बसले आहेत. सुरुवाती एकमेकींत मिसळत असतील तर आधी फिल्टरचा डिके २० मिलिसेकंदांनी कमी करावा, मग ॲम्प्लिट्यूडचा, आणि पातळीच्या फेडरला सर्वांत शेवटी हात लावावा.